एकशेवीस किलोंचा नियम

ज्याचं वजन करता येतं त्याच वस्तूवर माणसाचा विश्वास बसतो, हे सत्य किराणा दुकानदाराला फार पूर्वीच कळलं होतं. फुटबॉल क्लबांना कळायला जरा वेळ लागला. आमच्या क्लबाला ते गेल्या हंगामात कळलं, आणि एकदा कळल्यावर आम्ही कसलीही हयगय केली नाही.

तोवर आमच्याकडे खेळाडूची निवड अत्यंत अशास्त्रीय पद्धतीने होत असे. खेळाडू मैदानात खेळायचा, चार जाणती माणसं कुंपणाला टेकून बघायची, आणि जो बरा खेळतो असं वाटे त्याला संघात घ्यायची. यात 'वाटणे' हा दोष होता. वाटण्याची पावती नसते. उद्या कुणी विचारलं की याला का घेतलं, तर 'खेळतो म्हणून' यापलीकडे समितीपाशी उत्तर नव्हतं.

ही उणीव मास्तरांनी भरून काढली. मास्तर म्हणजे आमचे व्यायामाचे शिक्षक: किडकिडीत, कमी बोलणारे, आणि बोलले की दोन्ही बाजूंनी बोलणारे. (समितीला असा माणूस नेहमीच अडचणीचा वाटतो.) त्यांनी प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची भंगाराची खोली रिकामी करून घेतली, तिथे एक लोखंडी बार आणि वजनाच्या चकत्या आणवल्या आणि समितीला सांगितलं की, आठवड्यातून दोन दिवस खांद्यावर चांगलं जड वजन घेऊन उठाबशा काढल्या तर पायात जोर येईल, उडी वाढेल, धक्काबुक्कीत पोरं पडणार नाहीत, मात्र सामन्याच्या आधी दोन दिवस विश्रांती, आणि चेंडूचा सराव रोज. समितीने हे सगळं नीट ऐकून घेतलं. 'मात्र'च्या अलीकडचं टिपूनही घेतलं.

सहा आठवड्यांत गुण आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. भिंतीवर खडू लावून मोजलेली उडी सरासरी चार बोटं वाढली. सहापैकी चार सामने जिंकले. पूर्वी कुणी खांदा लावला की आमचे खेळाडू वाळत घातलेल्या कपड्यासारखे उडत. आता समोरचा उडू लागला. बारा संघांत आम्ही पाचवे आलो. इथे आमच्या अध्यक्षांच्या मनात त्रैराशिक सुरू झालं. त्यांचा फर्निचरचा कारखाना आहे, आणि जे जड ते टिकाऊ यावर त्यांची आयुष्यभराची श्रद्धा. दोन दिवसांत चार बोटं, तर सहा दिवसांत किती? उत्तर बारा बोटं आलं. मास्तर म्हणाले, शरीर त्रैराशिकात बसत नाही. मास्तरांचा विरोध इतिवृत्तात सुवाच्य अक्षरांत नोंदवण्यात आला आणि ठराव एकमताने मंजूर झाला.

ठराव असा की, वजनं आठवड्यातून सहा दिवस. आणि निवडीत कुणाचा वशिला नको म्हणून एकच कसोटी: खांद्यावर एकशेवीस किलो घेऊन बसायचं आणि उठायचं. उठला तो संघात. गुरुवारी संध्याकाळी कसोटी, शुक्रवारी फळ्यावर यादी.

नोंदवही आमच्याकडे होती, म्हणून अधिकाराने सांगतो की असा पारदर्शक कारभार क्लबाने पूर्वी पाहिला नव्हता. रकाने असे: खेळाडू, तारीख, वजन, किती वेळा, मांडीचा घेर, सही. गोलांचाही रकाना आखला होता, पण पानाची रुंदी पुरेना, तेव्हा तो काढला. मांडीचा घेर सरासरी चौपन्न सेंटिमीटरवरून एकसष्टवर गेला. हंगामभरात एकूण चार लाख बारा हजार किलो उचललं गेलं, म्हणजे साडेतीन रेल्वे इंजिनं. (इंजिनाचं वजन अध्यक्षांच्या मेव्हण्यांनी सांगितलं. त्यांनी ते उचललेलं नाही.) सर्वांत पुढे आमचा मधला बचावपटू, व्यवसायाने ट्रकचालक, ज्याला सगळे कपाट म्हणतात. त्याने एकशेसाठ उचलले तेव्हा खोलीच्या दारात बघ्यांची गर्दी झाली. सामन्यालाही तेवढी होत नसे. पुढे तर लोक गुरुवारी येऊ लागले आणि रविवारी येईनासे झाले. आम्ही याची नोंद 'प्रेक्षकांच्या अभिरुचीत सुधारणा' अशी केली.

दरम्यान आम्ही पाचव्यावरून अकराव्या स्थानावर आलो. याचं कारण समितीने शोधून काढलं. ते कारण सामने होतं. रविवारी नव्वद मिनिटं धावल्यामुळे सोमवारी खेळाडूंना पूर्ण वजन पेलवत नसे. आकडे सरळ सरळ दहा-दहा किलोंनी खाली येत. सामने पंधरवड्यातून एकदाच ठेवावेत, अशी विनंती आम्ही स्पर्धेच्या कार्यालयाला केली. उत्तर आलं नाही. त्यांच्याकडे जिम नसावी.

आता शिंप्याविषयी.

शिंपी चौदा वर्षं आमच्या डाव्या बगलेवर खेळला. खरोखरचा शिंपी, बाजारात दोन मशिनांचं दुकान, एकावर तो, दुसऱ्यावर बायको. वय चौतीस, वजन चौपन्न किलो, म्हणजे आमच्या खेळाडूंच्या मांडीच्या मूळ घेराएवढं. कुंपणाला टेकणाऱ्या अशास्त्रीय माणसांचं म्हणणं असं की त्याच्या पायात चेंडू आला की समोरच्याला आपला उजवा कुठला आणि डावा कुठला याचा विसर पडे. पण हे म्हणणं किलोत सांगता येईना. गुरुवारी त्याने साठ उचलले, पासष्ट उचलले, सत्तरला दात-ओठ खाऊन उठला. पंचाहत्तरला तो नीट खाली बसला; पुढे उठण्याचा विषय निघाला नाही. दोघांनी बार उचलून घेतला. त्याने कपडे झटकले, सही केली आणि विचारलं की पुढच्या गुरुवारी परत बघायचं ना. असे सात गुरुवार झाले.

क्लबाने त्याला वाऱ्यावर सोडलं असं मात्र कुणी म्हणू नये. मांड्या वाढल्यामुळे सगळ्यांच्या चड्ड्या उसवत होत्या. त्यांना दोन्ही बाजूंनी जादा कापडाच्या कळ्या घालून देण्याचं काम आम्ही त्यालाच दिलं. ज्यांनी त्याची जागा घेतली त्यांची मापं त्याने स्वतःच्या टेपने घेतली, आणि एका सुतानेही चुकला नाही.

शेवटचा सामना आला. तो जिंकलो तर आम्ही वरच्या गटात राहणार होतो. बरोबरीही चालणार नव्हती. शिंप्याच्या बाबतीत त्याहून साधा हिशेब होता. शेवटच्या यादीत नाव नसेल त्याची नोंदणी पुढच्या वर्षी होत नाही, आणि चौतिसाव्या वर्षी गेलेली नोंदणी परत येत नसते. कसोटीच्या दुसऱ्या दिवशी, यादी फळ्यावर लागायच्या आधी, त्याची बायको कार्यालयात आली. खुर्ची दिली, बसली नाही.

"साहेब, चेंडूचं वजन किती असतं हो?"

अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही सांगितलं, साडेचारशे ग्रॅमच्या आत.

"मग तो काय खांद्यावर घेऊन पळायचाय?"

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा. आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघत नाही."

"तोंडाकडे नकाच बघू. पायाकडे तरी बघा." मग म्हणाली, "पोरगी आत्ता कुठे कळती झालीय. तिला बापाला खेळताना बघायचंय. चड्ड्या शिवताना ती रोज बघते."

समिती दगडाची नव्हती. तासभर खल झाला. नियम वाकवणं अशक्य होतं, पण नियमाच्या शेजारून जाता येतं हे कुठल्याही अनुभवी समितीला ठाऊक असतं. शिंप्याचं नाव राखीव खेळाडूंत शेवटी घालण्यात आलं, शेरा: 'शिवणकाम. (सामन्यात चड्डी उसवल्यास.)' त्याने सुईदोरा घेऊन बाकावर बसायचं होतं. वहिनींनी शेरा वाचला, कागद टेबलावर ठेवला आणि गेल्या. आम्ही त्याची नोंद समाधानात केली.

सामना महत्त्वाचा, म्हणून तयारीही मोठी. आदल्या सकाळी अध्यक्षांनी सर्वांकडून सहा-सहा जड उठाबशा काढून घेतल्या. मास्तर दारात उभे होते. "उद्या पाय लागतील," एवढंच ते म्हणाले. अध्यक्षांनी विचारलं की मग आज काय हात वापरतायत का. लोक हसले, मास्तर घरी गेले.

रविवारी साठाव्या मिनिटाला आमच्या एकाच्या पोटरीत गोळा आला. पासष्टाव्याला दुसऱ्याने मांडीची मागची शीर धरली. जे बदली आले त्यांनीही आदल्या दिवशी तेवढंच उचललं होतं, त्यामुळे तेही शिस्तीने एकामागून एक लंगडू लागले. कागदोपत्री आम्ही समोरच्या संघापेक्षा किमान सहाशे किलोंनी पुढे होतो. (त्यांची नोंदवही नसल्याने हा अंदाज.) मैदानात शून्य-शून्य. ऐंशीव्या मिनिटाला तिसरा आडवा झाला, आणि बाकावर शिंप्याखेरीज कुणी उरलं नाही. तो गोलकीपरची जादा चड्डी शिवत होता. त्याने टाका पूर्ण केला, दातांनी दोरा तोडला, चड्डीची घडी घातली आणि आत गेला.

पुढची आठ मिनिटं आमच्या नोंदींत नाहीत, कारण त्या वेळात कुणी काही उचललं नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात त्याच्यापाशी चेंडू आला. दोघे धावून आले. शिंपी थांबला. नुसता थांबला, एक जण त्याच्या पुढे निघून गेला आणि दुसरा पहिल्याकडे बघायला लागला, तेवढ्यात त्याने मान वर करून पाहिलं आणि चेंडू उचलून गोलसमोर टाकला, पाहुण्यापुढे पाण्याचा पेला ठेवावा तसा. आणि तिथे आमचा कपाट उडाला. काय ती उडी. सगळ्यांच्या डोक्यावर छातीपासून वर कपाटच दिसत होता. कपाळ लागलं, जाळी हलली, आम्ही वरच्या गटात राहिलो.

कुंपणापाशी एक लहान मुलगी आईच्या कडेवरून ओरडत होती. काय ते ऐकू आलं नाही. बाकीचे सगळे कपाटाच्या नावाने ओरडत होते.

सोमवारी समिती बसली. एकशेसाठ किलोंशिवाय ती उडी शक्य नव्हती, हे मास्तरांनीही मान्य केलं. मग नेहमीप्रमाणे दुसऱ्या बाजूनेही बोलले: "उडी वजनाने आली, खरंय. पण चेंडू तिथे पोचलाच नसता तर तो नुसता उडून खाली आला असता. दोन दिवस करा हो, सहा नको." अध्यक्षांनी विचारलं, चेंडू पोचवण्याचा पुरावा काय? नोंदवही उघडली. कपाट: एकशेसाठ. शिंपी: सत्तर, अपात्र. पुरावा ग्राह्य धरण्यात आला.

यशाचा आदर राखून कसोटी एकशेतीस किलोंवर नेण्यात आली. कपाटाच्या उडीचा फोटो मोठा करून कार्यालयात लावला. डाव्या कडेला एक पाय येत होता, तो चौकटीत मावेना म्हणून कापून घेतला. नव्या वर्षीच्या नोंदणीची यादी (शिवणकामाचा शेरा खेळाडूंत धरला नव्हता) फळ्यावर लागली तेव्हा शिंपी मुलीचा हात धरून आला. त्याने यादी वरून खालपर्यंत वाचली. मग खालून वरपर्यंत वाचली. मुलीने विचारलं, "बाबा, तुमचं कुठंय?" तो म्हणाला, "वाचतोय ना." मग आमच्याकडे वळून त्याने विचारलं, नव्या चड्ड्या कधीपर्यंत हव्यात.

वाचकहो, हे वाचून आपल्याला हळहळ वाटली असेल, आणि आमच्या समितीविषयी आपलं मतही बनलं असेल. ते आम्ही नम्रपणे स्वीकारतो. फक्त एवढंच, की आम्ही मांड्या सांगितल्या, उड्या सांगितल्या, किलो सांगितले, आणि आपण ते सगळं नीट लक्षात ठेवलंत. चौदा वर्षं त्या माणसाच्या पाठीवर कोणता आकडा होता, हे आम्ही सांगितलं नाही. आपणही विचारलं नाहीत.