घसारे कोण?

कॉलेजात जाऊन पाच आठवडे झाले आणि हिशेबशास्त्राचे तीन धडे संपले, तेव्हा बारकीने घरच्या लाँड्रीच्या वह्या तपासायला काढल्या. तिला तसे कोणी सांगितले नव्हते. आधीची दोन वर्षे विज्ञान शिकून तिने जे मार्क आणले होते, ते पाहिल्यावर तिला काही तपासायला सांगावे असे घरात कोणाच्या मनात येण्यासारखे नव्हते. म्हणूनच तिने काढल्या.

लाँड्री घराच्या खालीच होती. धुण्याची यंत्रे बाबा बघत. काकू गल्ल्यावर बसून कपड्यांना चिठ्ठ्या टाचत असे. आई वरचे आवरून दुपारी घड्या घालायला खाली येई. इस्त्रीच्या टेबलापाशी वीस वर्षे एकच गृहस्थ उभे होते. ते कोणाचेच मामा नव्हते, पण सगळे त्यांना इस्त्रीमामा म्हणत. आणि हिशेब काका बघत. काका म्हणजे घरातला आकड्यांचा माणूस. वर्षअखेरीला ते वह्या घेऊन बसले की बाबा यंत्रेसुद्धा बंद ठेवत, काकांची बेरीज चुकू नये म्हणून.

बारकीच्या मॅडमनी आतापर्यंत जे शिकवले होते, ते थोडक्यात असे. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. पैसे दिले तर पावती हवी. आणि खाते माणसाचे असेल तर घेणाऱ्याच्या नावे लिहायचे, देणाऱ्याच्या जमा. खाती माणसांखेरीज आणखी कशाकशाची असतात, हे मॅडम पुढच्या महिन्यात सांगणार होत्या.

तेवढ्या भांडवलावर बारकीला पहिल्याच दुपारी ती नोंद सापडली. नऊ वर्षे, दर वर्षाच्या शेवटच्या दिवशी, एकच नाव: घसारा. पहिल्या वर्षी तीस हजार. बँकेच्या पासबुकात त्याच तारखेला तेवढीच रक्कम काढलेली. पावती एकाही वर्षाची नाही. बारकीने गठ्ठा दोनदा चाळला. मग वही पोटाशी धरून ती आईकडे गेली.

आई चादरी घडी करत होती. तिने आधी सांगितले, की काकांनी दिलेत ना, मग बरोबरच असतील. चादरीचे चौथे टोक धरताना मात्र तिने विचारले, "आडनाव काय म्हणालीस?"

"घसारे असावं. काकांनी घाईत घसारा लिहिलंय."

गल्ल्यावरून काकू उठून आली. तिने बारकीला सगळ्या रकमा वाचायला लावल्या. तीस हजार, सत्तावीस हजार, चोवीस हजार तीनशे, एकवीस हजार आठशे सत्तर. काकू म्हणाली, कमी कमी होत चाललेत म्हणजे ओढ कमी झाली असणार. हे ती इतक्या समंजसपणे म्हणाली, की आईने चादर खाली ठेवली. मग पाचवे वर्ष आले. एकतीस हजार सहाशे त्र्याऐंशी.

"एकदम वाढले?" काकूने विचारले.

"हो. नि पुढे परत कमी."

काकूने काउंटरला हात टेकला. आईने काकूकडे पाहिले. काकूने वहीकडे पाहिले.

"मूल," काकू म्हणाली.

बारकीने इथे थांबायला हवे होते. पुढे आयुष्यभर तिला ही जागा आठवत राहिली. पण आपण वाचलेल्या आकड्यांवर दोन मोठी माणसे इतक्या गंभीरपणे विचार करताहेत, असे तिच्या बाबतीत पूर्वी कधी झाले नव्हते. तिने उलट भर घातली. त्याच वर्षी आपण सुकवण्याचे नवे यंत्र घेतले होते, पैशांची किती ओढाताण होती, आणि तरीही काकांनी तिकडचे वाढवले, हे तिनेच लक्षात आणून दिले.

इस्त्रीमामा हे सगळे ऐकत होते. एका कॉलरवरून दोनदा इस्त्री फिरवून ते म्हणाले, घसारेबाई ना, येतात की. काकू, तुम्ही जेवायला वर गेलात की निळ्या स्कूटरवरून येतात, काकांचीच चौकशी करतात, नि दोन मिनिटं बोलून जातात. मामांना नाव आता, या क्षणी, पहिल्यांदाच कळले होते. पण बाई खऱ्या होत्या.

त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. काकूने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिले, यापुढे इथे कपडे घेतले जाणार नाहीत असे सांगितले, आणि काका कुठे आहेत हे विचारायची हिंमत कशी होते असेही वर विचारले. बाई स्कूटर वळवून गेल्या. दुपारी पलीकडच्या दवाखान्यातून फोन आला, की आमच्या मेट्रनशी तुमच्याकडे जो काही प्रकार झाला त्यानंतर दवाखान्याच्या चादरी यापुढे दुसरीकडे जातील. रोजच्या साठ चादरी होत्या त्या. लाँड्रीची अर्धी यंत्रे त्यांच्यावर फिरत होती.

आता बाबांना सांगणे भागच पडले. बाबा धाकट्या भावाला जन्मात वाकडा शब्द बोलले नव्हते. ते सांडपाण्याचा पाइप दुरुस्त करत होते, तिथेच खाली मान घालून त्यांनी विचारले, "अरे, हे घसारा काय प्रकरण आहे?"

काकांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली. ती उचलायला त्यांनी फार वेळ लावला. चेहरा तर असा झाला होता, की दाराआड उभ्या असलेल्या काकूला पुढचे काही ऐकायची गरजच वाटली नाही. तरी ती ऐकत राहिली.

"तो खर्च आहे," काका म्हणाले.

"कुणाचा?"

"आपलाच. म्हणजे... धंदा म्हटला की तो असतोच, दादा. सगळ्यांचाच असतो. कोणी बोलून दाखवत नाही इतकंच."

संध्याकाळच्या आत काकू बॅग भरून तिच्या भावाकडे गेली. काका गल्ल्यावर बसले आणि त्यांनी तीन जणांना दुसऱ्यांचे कपडे दिले. बारकीला जेवण जाईना, पण त्यात थोडा अभिमानही होता, हे नाकारता येत नाही. आपण शोधून काढले, असे तिला वाटत होते. दुःखाची गोष्ट असली तरी हिशेब हिशेब असतो, असेही एक वाक्य तिने मनात तयार ठेवले होते.

शुक्रवारी वर्गात मॅडम म्हणाल्या, की चौथा धडा लांबलचक आहे, तो सुट्टीनंतर घेऊ, आज एक सोपा विषय करून टाकू. त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिले: घसारा.

मॅडमना हे कसे कळले, हा बारकीच्या मनात आलेला पहिला विचार. दुसरा विचार यायच्या आत मॅडम सांगू लागल्या होत्या. यंत्र वापरले की झिजते. झिजले की त्याची किंमत दरवर्षी थोडी उतरते. ती जेवढी उतरली तेवढा त्या वर्षाचा खर्च धरायचा, त्याला घसारा म्हणतात. समजा तीन लाखांचे यंत्र आहे, दर दहा टक्के. पहिल्या वर्षी तीस हजार. उरलेल्या किमतीवर दुसऱ्या वर्षी सत्तावीस हजार. तिसऱ्या वर्षी चोवीस हजार तीनशे.

"आणि चौथ्या?" मॅडमनी वर्गाला विचारले.

"एकवीस हजार आठशे सत्तर," बारकीच्या तोंडून निघून गेले.

मॅडम खडू धरूनच वळल्या. तोंडी हिशेब इतक्या पटकन करणारी मुलगी त्यांनी बऱ्याच वर्षांनी पाहिली होती. त्यांनी तिला उभे केले आणि सगळ्यांना तिच्याकडे बघायला सांगितले. साठ मुले तिच्याकडे बघत असताना बारकीला बाकाखाली शिरावेसे वाटत होते. तेवढ्यात मागून कोणीतरी शंका काढली, की मधेच नवे यंत्र घेतले तर? मॅडम म्हणाल्या, तर त्या वर्षी घसारा एकदम वाढतो, नि पुढे परत कमी होत जातो.

ते पाचव्या वर्षीचे मूल होते.

घरी येताना बारकी लाँड्रीवरून दोनदा तशीच पुढे गेली. तिसऱ्यांदा आत शिरली, बॅग न काढताच सगळ्यांना हाक मारली, आणि जमिनीकडे बघत एका दमात सगळे सांगितले. बाबा कारण नसताना नळ सोडून हात धुवायला लागले. आईने घडी केलेली चादर उलगडून पुन्हा घडी केली. इस्त्रीमामा म्हणाले, की ते काही असो, पण बाई येतात हे खोटं नाही.

सगळ्यांत लक्ष देऊन ऐकत होते ते काका. ते गल्ल्यामागून उठून अगदी जवळ आले होते.

"झिजतं, त्याचे?" त्यांनी विचारले. "यंत्र झिजतं, त्याचे ते पैसे?"

"हो काका. मला माफ करा."

"परत एकदा सांग बरं," काका म्हणाले.

ते आपल्याला शिक्षा म्हणून परत सांगायला लावताहेत, असे बारकीला वाटले. तिने परत सांगितले. काकांनी मान हलवली आणि ते पुन्हा गल्ल्यावर जाऊन बसले. रागाचा एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

काकू त्याच संध्याकाळी परतली. बॅग तिचा भाऊ घेऊन आला होता. बॅग जड होती म्हणून नव्हे, तर घसारेबाईंचे पुढे काय झाले ते त्याला ऐकायचे होते म्हणून. काकूने त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावले. मग ती काकांसमोर बराच वेळ काहीतरी शोधत राहिली, आणि शेवटी त्यांच्या सदऱ्याचे बटण सैल झाले आहे असे म्हणाली.

दवाखान्यात माफी मागायला बारकीच गेली. मेट्रनबाईंनी तिला चादरींच्या खोलीत उभे ठेवून पूर्ण ऐकून घेतले. यंत्राची झीज, दहा टक्के, पाचवे वर्ष, सगळे. त्या हसल्या नाहीत. "दर महिन्याला चादरींचं बिल द्यायला मीच येते, माझं नाव तुमच्याच पावतीवर असतं," त्या म्हणाल्या. "हिशेब शिकतेस ना? मग ते वाचायचं." चादरी सोमवारपासून परत सुरू झाल्या. बारकी मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी विसरली आणि तिथल्या रखवालदाराने तिला हात देऊन उठवले.

एवढ्यावर भागले असते. पण पुढच्या तासाला मॅडमनी धडा पूर्ण केला. घसारा हा खर्च असा आहे, त्या म्हणाल्या, की त्यात पैसे प्रत्यक्ष कोणाला दिले जात नाहीत. तो फक्त वहीत लिहायचा. बँकेतून एक पैसाही बाहेर जात नाही.

बारकीचे पेन थांबले. पासबुकात तर जात होते. नऊ वर्षे, दरवर्षी, त्याच तारखेला. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

आता हे कोणाला सांगणार? एका आठवड्यात तिने घर मोडता मोडता वाचवले होते आणि सगळ्यांचे पाय धरले होते. पुन्हा एकदा वही घेऊन उभी राहिली असती, तर आईनेच तिचे कॉलेज बंद केले असते. चार दिवस ती काका दिसले की जिना चढून वर जात होती. काकांना वाटले, पोरगी अजून शरमलेली आहे. तेही खोटे नव्हते.

पाचव्या दिवशी दुपारी काकांनी तिला सुकवण्याच्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले. ओल्या कपड्यांची वाफ कोंडली होती. ते एका गाठोड्यावर बसले. त्यांनी विचारले, की तो धडा तेवढाच होता, की पुढे आणखी काही शिकवले?

बारकी अगदी हळू म्हणाली, "पैसे बाहेर जात नाहीत म्हणे."

काकांनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून एक वेगळे पासबुक काढले आणि तिच्याकडे न बघता पुढे केले. त्यात नऊ वर्षांच्या नऊ रकमा एकाखाली एक जमा होत्या. दोन लाख बत्तीस हजार नऊशे पंधरा. व्याज वेगळे. एकही पैसा काढलेला नव्हता.

"धुण्याचं यंत्र घेतलं तेव्हा ज्या हिशेबनीसांनी वह्या घालून दिल्या, त्यांनी सांगितलं होतं," काका म्हणाले. "दरवर्षी यंत्राच्या उरलेल्या किमतीचा दहावा हिस्सा घसारा काढायचा. विसरायचं नाही. मी काढला. कशासाठी काढायचा ते त्यांनी सांगितलं नाही, नि घरातले सगळे मला आकड्यांचा माणूस म्हणत होते, मग विचारणार कुणाला? म्हटलं सरकारचं काहीतरी असेल. कोणी न्यायला आलं तर तयार असावेत. नंतर ते हिशेबनीसच गाव सोडून गेले."

बाहेर बाबांचे जुने यंत्र, जे बदलायला पैसे नाहीत म्हणून तीन वर्षे नुसती दुरुस्ती चालली होती, धडधडत फिरत होते.

"दादाला सांगू नकोस की मला ठाऊक नव्हतं," काका म्हणाले. "मी बाजूला टाकत होतो, एवढंच सांग. पण आता हे वहीत घ्यायचे कसे, ते मला दाखव. नावे लिहायचे का जमा?"

पंधरा दिवसांपूर्वी बारकीने याचे उत्तर लगेच दिले असते.

"मला नाही माहीत, काका," ती म्हणाली. "विचारून सांगते."

"नीट विचारून घे," काका म्हणाले. "घाई नाही. नऊ वर्षं थांबलोच आहे."