भोकराच्या डिंकाची मतपेटी

मी जिंकणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती! आमच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीपदासाठी दोनच उमेदवार होते, मी आणि वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य. मुद्दाही एकच होता, मागच्या अंगणातलं भोकराचं झाड. कुणी न लावता आपलं आपण उगवलेलं. त्याची चिकट फळं दंतवैद्यांच्या गाडीच्या टपावर पडायची, म्हणून त्यांना ते तोडायचं होतं. मला ते हवं होतं. त्याच्या सावलीत मी रोज सकाळी पेपर वाचतो, आणि साऱ्या बिल्डिंगमध्ये जिथे मला कुणी 'उठा' म्हणत नाही अशी तेवढीच एक जागा आहे.

"कच्ची भोकरं शिजवून खा, पिकलेली तशीच खा! फळं खोकल्यावर औषध! लाकडाच्या मुठी, सालीचे दोर!" मी बायकोसमोर भाषणाची तालीम करत होतो.

"अहो, कपड्यांच्या दोरीचं काय झालं?" उशीचा अभ्रा नखाने खरवडत ती म्हणाली.

"तेच तर सांगतोय! सालीपासून होते!"

ती अभ्रा घेऊन मोरीत गेली. भाषण पटलं असणार, असं मी समजलो.

मतपेटी करायचं कामही मी मागून घेतलं. झाडाचा उपयोग डोळ्यांना दिसायला नको? बुटांचं खोकं घेतलं, वाडगाभर पिकल्या भोकरांचा गर काढला आणि चिठ्ठीपुरती चीर सोडून खोकं त्या डिंकाने आतून-बाहेरून, वरून-खालून असं चोपडलं, की मुंगीला आत जायला फट राहू नये. मतदान तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंकडे होतं.

"दुकानातला डिंक संपला होता का?" बाईंनी विचारलं.

"बाई, हा त्याचा बाप आहे!"

मतदान शिस्तीत झालं. चिठ्ठीवर उमेदवार लिहायचा, तोही बाईंच्या शाईच्या पेनाने. फक्त माझ्या बायकोने पर्समधून स्वतःचं पेन काढलं, घरी बरण्यांवर नावं लिहायचं. "शाईने माझं अक्षर बिघडतं," ती म्हणाली.

बावीस मतं पडली. बाईंनी पेटी उचलली. पेटीबरोबर टेबलही उचललं गेलं!

"माझ्या सासऱ्यांचं टेबल आहे हे!" बाई ओरडल्या.

दंतवैद्य धावत वर गेले आणि आपला चिमटा घेऊन आले. झाकणाची कड पकडून सवयीने म्हणाले, "दुखलं तर हात वर करा." पाच मिनिटं झटापट केल्यावर झाकण निघालं. आत चिठ्ठ्या नव्हत्याच! बावीस मतांचा मिळून एक गोळा झाला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांना फट सापडली होती.

"कोमट पाणी आणा," बाईंनी फर्मावलं.

बादलीत गोळा सुटला. चिठ्ठ्या एकेक करून वर आल्या. शाईही सुटली. पाणी झकास निळं झालं.

"कोरी," बाई चष्मा पुसून म्हणाल्या. "कोरी. हीपण कोरी." माझं स्वतःचं मतही त्यातच कुठेतरी गेलं. मग त्यांचा हात थांबला. एका चिठ्ठीवर ठसठशीत काळी अक्षरं होती!

"वाचा, बाई, मोठ्याने वाचा!" मी छाती पुढे काढली. "हे अक्षर मी ओळखतो. आमच्या साखरेच्या बरणीवर हेच आहे!"

बाईंनी वाचलं, "दंतवैद्य. फळं धुतलेल्या कपड्यांवर पडतात. झाडाखालची दोरी हलवावी. आठ वर्षं घरी सांगून झालं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बादलीकडे बघत राहिलो.

"वैध मत एक," बाई म्हणाल्या. "दंतवैद्य विजयी."

मला अगदी रडू यायचं बाकी होतं. "मग झाड?" मी कसंबसं विचारलं.

नवे सेक्रेटरी चिमट्याला चिकटलेला अंगठा सोडवत होते. सुटेना. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू आदर उमटला.

"राहू दे झाड," ते म्हणाले. "गाडी मी पलीकडे लावीन. हा डिंक कवळ्यांना चालतो का बघायचंय. तुम्ही तेवढी दोरी हलवा."

दोरी हलवायला दोन खिळे आणि दहा मिनिटं लागली. मी शिडीवरून उतरलो, तर बायको खाली अभ्रे घेऊन उभी होती.

"चला," ती म्हणाली, "माझं मत वाया नाही गेलं."