परीक्षकाचं नाव गुप्त

वसमतच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या संशोधनाचं नियतकालिक निघणार होतं. सगळ्या शाखांचं मिळून एकच. चार लेख तयार होते, पाचवा हळद शिजवण्यावरचा. तो मंजूर झाला तरच महिनाअखेरीस पहिला अंक निघणार होता.

संपादक मंजुषा मॅडमनी नियमाप्रमाणे लेखकाचं नाव खोडून लेख परीक्षणाला दिला. वाणिज्यच्या सरांनी तो न उघडताच ‘उत्तम’ लिहिलं. इतिहासाच्या सरांनी त्याखाली ‘सहमत’ लिहून सही ठोकली.

मॅडम भडकल्या. “प्रियंका, ज्याला हळद कळते असा माणूस शोध. आणि परीक्षकाचं नाव कुणाला सांगायचं नाही!”

विद्यार्थी-संपादक प्रियंका जवळच्या हट्टा गावाला गेली. हळद चांगली कोण शिजवतं, असं विचारल्यावर गावानं पद्माबाईंचं घर दाखवलं. लेख पद्माबाईंच्याच लेकानं, आयुषनं लिहिलाय, हे त्या बिचारीला काय ठाऊक! तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दोन कढया, रोजची मोजमापं, बाजूला बोरीचं झाड... पद्माबाईंनी दुसऱ्याच पानावर सगळं ओळखलं.

“काय झालं, मावशी?”

“काई न्हाई. वाच तू. मग मी सांगते ते लिहून घे.”

चार दिवसांनी आयुष अहवाल घेऊन मॅडमसमोर उभा राहिला. पार घामाघूम.

“मॅडम, ह्यात लिहिलंय, ‘चौथ्या दिवशीचे आकडे खोटे आहेत. त्या दिवशी लेखक कळमनुरीला लग्नात जेवत होता.’ त्यांना कसं कळलं?”

“तज्ज्ञ आहेत,” मॅडम अभिमानानं म्हणाल्या. “खरंय का?”

“...व्हय.”

“मग पुन्हा मोज.”

आयुष घरी येऊन धुसफुसत राहिला. “कोण खडूस माणूस हाय काय म्हाईत!”

“असंल बाबा,” भाकरी वाढत पद्माबाई म्हणाल्या. “उद्या कढई पेटवून ऱ्हायले. या बारीला जागेवरून हलू नको.”

आयुष दिवसभर धुरात बसला. डोळे लाल झाले, पण आकडे खरे आले आणि पद्माबाईंना लेकाचं मनापासून कौतुक वाटलं. आठवड्यानं दुसरा अहवाल आला : ‘आता बराबर आहे. छापा. फक्त आभारात वाणिज्यच्या सरांचं नाव आहे, आईचं नाही. ते घालावं.’

आयुषनं लगेच नाव घातलं.

“परीक्षक खडूस हाय मॅडम,” तो म्हणाला, “पण माणूस चांगल्या घरचा दिसतो.”