सर्वगामिनीचे तीन मंगळवार

सर्वांना सोबत घेऊन जाणे हे सार्वजनिक वाहनाचे पहिले कर्तव्य आहे. जागेवरून हलणे हे दुसरे. आपल्याकडे वर्षानुवर्षे फक्त दुसऱ्या कर्तव्याकडे लक्ष दिले गेले, आणि तेही बऱ्याचदा प्रवाशांनी खाली उतरून धक्का दिल्यावर. ही उणीव भरून काढण्यासाठी केडगाव ते शहर या मार्गावर ‘सर्वगामिनी’ नावाची बस सुरू झाली. तिला चालक नाही, वाहक नाही आणि (पत्रकात म्हटल्याप्रमाणे) पूर्वग्रहही नाही. ती सर्व नागरिकांकडे समान नजरेने पाहते. त्यासाठी तिला चौदा कॅमेरे आहेत.

आपण सर्वांसाठी आहोत की नाही हे बसला आपणहून कळत नसल्यामुळे एक सर्वसमावेशकता समिती नेमण्यात आली. त्यात सात जण होते. मी ज्येष्ठ नागरिकांचा प्रतिनिधी. शाळेच्या ग्रंथालयात माझी छत्तीस वर्षे गेली. तिथे बोलायला मनाई असते आणि ते मला चांगले जमत असे. निवडीमागे हेच कारण असावे (चुकतही असेन). सातांपैकी बैठकीला बसने येणारा मी एकटाच, कारण बाकीच्यांना वेळेवर पोहोचायचे असे.

अध्यक्ष सुनीती मॅडम होत्या. या विषयावर त्यांनी चार देशांत जाऊन भाषणे ऐकली होती. कंपनीकडून गंधार नावाचा तरतरीत इंजिनिअर येई. पहिल्याच बैठकीत मॅडमनी विचारले, “आपला सगळ्यात गरजू वापरकर्ता कोण?” सगळे एकमेकांकडे पाहू लागले. तेव्हा मी चष्मा पुसत मुक्ताबाईंचे नाव सांगितले. समितीतले माझे हे एकमेव भाषण.

मुक्ताबाई आमच्या घरामागच्या मळ्यात राहतात. वय बहात्तर, गुडघे अधू, हातात काठी, उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. त्या गोधड्या शिवतात. हल्ली सुईत दोरा ओवण्यासाठी त्यांना शेजारणीला हाक मारावी लागे आणि शेजारीण दोऱ्याबरोबर सल्लेही ओवून जाई. शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मोफत शस्त्रक्रियेच्या यादीत त्यांचे नाव लागले होते. अट एकच, ठरलेल्या मंगळवारी सकाळी दहाच्या आत तपासणीला हजर राहायचे. तीन मंगळवार चुकले की नाव कटणार आणि पुढची यादी पुढच्या वर्षी.

मॅडमना मुक्ताबाई फारच आवडल्या. महिला, ज्येष्ठ, ग्रामीण आणि दिव्यांग असे चार रकाने त्या एकट्या भरत होत्या. “अशा अजून दोघी मिळाल्या तर अहवाल पूर्णच होतो,” मॅडम म्हणाल्या.

पहिल्या मंगळवारी मुक्ताबाई पावणेनऊलाच थांब्यावर उभ्या होत्या. सर्वगामिनी आली, “बस भरलेली आहे, आपल्या संयमाबद्दल आभार,” असे गोड आवाजात म्हणाली आणि न थांबता निघून गेली. त्या वेळी बसमध्ये पाच माणसे होती.

झाले होते असे. बस जिथून सुटते त्या थांब्यावर लोकांनी नेहमीप्रमाणे खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या आणि ते चहाला गेले. ही आपली जुनी आणि अत्यंत न्याय्य पद्धत आहे. तिच्यासाठी कोणताही कायदा करावा लागला नाही. रुमालावर बसणारा माणूस अजून केडगावात जन्मलेला नाही. चालक असता तर त्याने दोनदा हॉर्न वाजवला असता, स्वतःचा चहाही संपवला असता. सर्वगामिनी मात्र वेळेवर निघाली. तिने तेवीस रुमाल, दोन टॉवेल आणि मेथीची एक पिशवी यांना प्रवासी मानले, पट्टा बांधण्याची विनंती केली आणि सर्वांना सुखरूप शहरात पोहोचवले.

गुरुवारी समितीने यावर गांभीर्याने विचार केला. रुमाल हा स्थानिक प्रवाशांच्या संस्कृतीचा भाग असल्याने त्याला वगळणे समावेशकतेच्या विरोधात ठरेल, असे मत पडले. रुमालांसाठी सहा जागा राखीव ठेवण्यात आल्या.

“पण मॅडम, रुमाल उतरणार कसा?” गंधारने विचारले.

“तो तांत्रिक भाग झाला. तो तुम्ही बघा.”

दुसऱ्या मंगळवारी जागा होती, पण दार बारा सेकंदच उघडे राहते. मुक्ताबाईंना पायरी चढायला चाळीस सेकंद लागतात (गुडघे दुखत नसतील तर). त्यावर उपाय बसमध्ये आधीच होता. बस स्वतःहून खाली झुकते आणि दारातून उतरती फळी बाहेर येते. मात्र त्यासाठी प्रवाशाची मोबाईलवर नोंदणी हवी. मुक्ताबाईंकडे बटणांचा फोन, म्हणून गंधार आदल्या संध्याकाळी स्वतः मळ्यात आला आणि माझ्या मोबाईलवर त्यांची नोंदणी करू लागला. नाव, वय, अंगठा सगळे झाले. शेवटी, आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी, पडद्यावरची वाकडीतिकडी अक्षरे वाचायची होती.

“आजी, ही अक्षरं तुम्हीच सांगायची. मी सांगितली तर चालत नाही.”

“आरं बाळा,” मुक्ताबाई म्हणाल्या, “मला ही बारीक अक्षरं दिसली असती तर डोळ्याच्या दवाखान्यात कशाला मरायला चाल्ले असते?”

“अंदाजानं सांगा.”

“श्रीराम.”

तीन प्रयत्नांनंतर यंत्राने त्या यंत्र असल्याचा निर्णय दिला. म्हणजे त्या आणि बस आता एकाच कुळातल्या झाल्या होत्या, पण त्याबद्दल काही सवलत नव्हती. दुसरा मंगळवारही गेला.

आता एकच उरला होता. समितीने तातडीची बैठक घेतली आणि मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्या दिवशीचा निर्णय उत्तम होता. गंधार म्हणाला, बाहेरून कोण धडपडत येतंय हे बसला कळत नाही, पण आत बसलेल्या माणसांना कळतं ना! म्हणून प्रत्येक आसनाशेजारी एक निळे बटण बसवायचे. कोणीही एकाने ते दाबले की बस एक मिनिट थांबेल, झुकेल आणि फळी बाहेर काढेल. नोंदणी नको, अक्षरे नकोत. मला भरून आले. इतकी सोपी गोष्ट सुचायला समितीला पाचच आठवडे लागले होते.

मॅडमनी त्यात एक छोटी भर घातली. चांगुलपणाला प्रोत्साहन मिळावे म्हणून बटण दाबणाऱ्याचे नाव ध्वनिक्षेपकावरून जाहीर व्हावे: “अमुक यांच्या सौजन्याने ही बस एक मिनिट उशिरा धावत आहे. आभार.”

तिसऱ्या मंगळवारी मी त्या बसमध्ये होतो. मी एक थांबा मागे चालत जाऊन बसतो, कारण गर्दीतून आत शिरणे मला जमत नाही. आम्ही अठरा जण होतो (रुमाल वेगळे). मळ्याच्या वळणावर बस थांब्याच्या जरा पुढे जाऊन थांबली, दार उघडले आणि तीसेक पावलांवरून मुक्ताबाई येताना दिसल्या. पाऊल, काठी, पाऊल, काठी.

बटण माझ्या उजव्या हाताशी होते. मी बोट त्यावर ठेवलेही. मग वाटले, अठरा जणांत कोणीतरी दाबेलच, आपण दाबून उगाच दोन मिनिटे नकोत. मग वाटले, माझे यज्ञेश्वर हे नाव यंत्राला नीट उच्चारता येईल का? सगळी बस वळून बघेल. पुढच्या बाकावरचे गृहस्थ पलीकडच्या खिडकीतून उसाचे निरीक्षण करू लागले. एक बाई पर्स शोधू लागल्या, ती त्यांच्या मांडीवर होती. आणि एक विचार आम्हा सगळ्यांनाच आला असावा, की मुक्ताबाईंना मोतीबिंदू आहे, त्यांना आत कोण बसलंय ते थोडेच दिसणार?

बारा सेकंद झाले. दार मिटले. लगेच प्रत्येकाच्या समोरच्या पडद्यावर प्रश्न आला: ‘ही बस सर्वांसाठी आहे असे आपणास वाटते का?’ ‘होय’साठी एक स्पर्श पुरेसा होता. ‘नाही’साठी तीस शब्दांत कारण लिहायचे होते. अठरा जणांनी ‘होय’ म्हटले. अहवालातले शंभर टक्के ते हेच.

मुक्ताबाईंनी काठी वर केली. मागून आमच्याच गावच्या बिभीषणचा कांद्याचा टेम्पो येत होता (पुढचे सारे मला त्यानेच नंतर सांगितले). तो थांबला. या टेम्पोला समिती नाही, धोरण नाही आणि डाव्या बाजूचा आरसाही नाही.

“कुठं, आजे?”

“डोळ्याला.”

“कांद्यावर बसतीस का म्होरं?”

“म्होरं. कांद्यावर बसून आनिक पानी काडू व्हय डोळ्यातून?”

त्याने खाली उतरून त्यांना उचलले, पुढे बसवले आणि पावणेदहाला दवाखान्याच्या दारात सोडले. (आमची बस त्या वेळी रस्त्यात बसलेल्या एका शेळीला वापरकर्ता मानून अकरा मिनिटे थांबली होती.) अहवालात नोंद झाली: ‘सदर महिलेने स्वेच्छेने पर्यायी वाहन निवडले.’

शस्त्रक्रिया झाली. परवा मुक्ताबाई काळा चष्मा लावून माझ्या दारात आल्या.

“गुर्जी,” त्या म्हणाल्या. (मी कधी कोणाला शिकवले नाही, पण हे दुरुस्त करायचे धैर्य मला झालेले नाही.) “लई झ्याक झालं बगा. सुईत दोरा एका दमात.”

“छान झालं,” मी म्हणालो.

“त्या मंगळवारी बसच्या खिडकीत तुमीच हुता न्हवं?”

“तुम्हाला... दिसत होतं?”

“उजव्यानं न्हवतं दिसत. लांबचं डाव्यानं चांगलं दिसतं की मला.”

मी बसायला पाट दिला. पाणी आणले. त्या ते सावकाश प्यायल्या, मग त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सहज विचारले, “आन तुमच्या शेजारी कोन हुतं वो? त्याच्या बी हाताशी बटन हुतं. पर मान वर करीना गडी. खाली बघून कायतरी वाचीतच बसला हुता.”

मी त्यांना सांगितले की मी ओळखत नाही. वाचकहो, तुमचे नाव मी काढलेले नाही.