देवकाबाईचा लसावि

या, जवळ बसा. दाराशीच काऊन उभे? लसावि म्हटलं की तुमचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं होतं. एवढे शिकलेले तुम्ही, लाज नाही वाटत? आमच्या सौंदडची देवकाबाई पाहा. तिसरीत शाळा सुटली, आता त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. अन् ज्या दिवशी सत्तेचाळीस पोरं येतात, त्या दिवशी स्वतः ताट घेऊन पंगतीत बसते.

गुरुजी म्हणतात, "बाई, तुमचं नाव हजेरीत नाही."

"नसू द्या ना जी. सत्तेचाळीसले कोणाचाच भाग जात नाही. मी बसली की अठ्ठेचाळीस. आठ-आठच्या सहा रांगा. आता कोणी उरते का, सांगा!"

उरणं तिला खपतच नाही. मी शेजारीण. सात वडे नेऊन दिले तर एक परत येतो. "सातचं काय करू वं? सहा दे. दोघांत जाते, तिघांतही जाते."

एकदा तपासणीला साहेब आले. फळ्यावर चार अन् सहा लिहून लसावि विचारला. वर्ग ओरडला, "चोवीस!"

चुलीपासून आवाज आला, "बारा! चोवीसलेही भेटतेत, पण पयली भेट बाराले!"

साहेब उठून बाहेर आले. ही खिचडी ढवळायचा सराटा हातात घेऊन उभी. "कोणी शिकवलं, बाई?"

"कोण शिकवते जी? मोठा पोरगा ट्रकवर, चार आठवड्यांनी येते. लहाना नागपुरात, सहा आठवड्यांनी. दोघं एका पंगतीत बाराव्या आठवड्यालेच."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथंच तांदूळ निवडत होते. छाती माझी फुगली. दिवस मावळायच्या आत अर्ध्या गावाला मीच सांगून आले.

पण यंदा मोठ्याची सुट्टी एक आठवडा लांबली. चौथ्याऐवजी पाचव्याला आला, मग नवव्याला. लहाना आपला सहाव्याला, बाराव्याला. त्या बाराव्या आठवड्याला देवकाबाईनं दोन ताटं वाढली, अन् एक झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पाहते तर शाळेच्या चुलीमागच्या दारावर खडूनं साठपर्यंत आकडे. म्हणाली, "याचे सारे विषम, त्याचे सारे सम. हे तर आता जन्मात भेटत नाहीत वं बाई." अन् पोरांची ताटं घासायला बसली.

"मोठ्याला सांग ना," म्हटलं.

"कायले? नोकरी आहे त्याची."

म्हणून मोठ्याला मीच लिहिते. रमेश, बापू, तू परवा तेराव्या आठवड्याला येऊन गेलास. आता एकदाच, चार सोडून तीन आठवड्यांनी ये. मग सोळा, वीस, चोवीस. चोवीसला लहाना घरी असतोच. या खेपेला वर्गातल्या पोरांचंच उत्तर बरोबर येऊ दे. तुझी माय तोंडानं बोलावणार नाही. तू ये, लवकर ये.