हरिश्चंद्र मयेकराचं आभारप्रदर्शन

मालवणच्या डॉक्टर भक्ती सामंत यांनी हरिश्चंद्र मयेकराला भाषणासाठी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. खरं बोला, आणि अडचणीत ज्यांनी मदत केली त्यांची नावं घ्या. नावं घेतली की ऐकणाऱ्याला आपलं वाटतं.

हरिश्चंद्र पोफळवाडीत घरोघर फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचा. बावीस वर्षं. त्यातली शेवटची नऊ वर्षं त्याला मोठ्या आतड्याचा आजार होता. आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं आणि एकदा कळ आली की माणसाला मिनिटभराचीही सवड मिळत नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, पण जात नाही. गावात हे फक्त त्याच्या बायकोला, सुशीलाला, ठाऊक होतं. लग्नाच्या पंगतीला बसत नाही म्हणून गावाने त्याला शिष्ट ठरवलं होतं आणि बोलता बोलता पाठ फिरवून पळतो म्हणून चक्रम. कुणाच्या संडासात घुसावंच लागलं तर तो म्हणायचा, "आज जरा पोट बिघडलाहा." नऊ वर्षं त्याचं पोट 'आज जरा'च बिघडत होतं.

"काका, हा आजार लपवणारे आणखी असतील," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "तुम्ही उभे राहिलात तर ते पुढे येतील. पाच मिनिटं बोला."

सुशीलाचा याला विरोध होता. "लोक हसतले."

"हसांदेत. मी नऊ वर्षां रडलंय, ता कोणाक दिसला?" हरिश्चंद्र म्हणाला आणि आरशासमोर सरावाला उभा राहिला.

सगळं ठीकच झालं असतं. पण डॉक्टरांचा आरोग्याचा कार्यक्रम होता त्याच दिवशी पोफळवाडीला जिल्ह्याचा स्वच्छतेचा पुरस्कार मिळायचा होता. गावात मंडप एक, माईक एक आणि भजी तळणारा आचारीही एकच. तेव्हा सरपंच परशुरामाने दोन्ही कार्यक्रम एकत्र केले. आधी आरोग्याची पाच मिनिटं, मग पुरस्कार, मग भजी. व्यासपीठावर जिल्ह्याहून आलेल्या अधिकारी मॅडम बसल्या होत्या. शेजारी सरपंच बसला होता. शाल पुरस्कारासोबत द्यायची होती, पण फोटोसाठी म्हणून त्याने ती आधीच अंगावर घेतली होती.

हरिश्चंद्राने माईक धरला.

"पयल्यांदा रगत दिसला, तेव्हा माका वाटला, मी आता मेलंय," तो म्हणाला. मागे दोन पोरी फिदीफिदी हसल्या. "कडी काढून भायर येवक पाय उचलत नव्हते. बायलेक सांगूक तीन महिने लागले. डॉक्टरांक सांगूक आणखी दोन. ह्या पाच महिन्यांत आजार वाढत गेलो. लाजेन वाढलो तो."

हसणं थांबलं. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या हौसाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. अधिकारी मॅडम पेन खाली ठेवून ऐकू लागल्या. पाठीमागे उभ्या असलेल्या सुशीलाचे खांदे सैल झाले.

"आता आभार," हरिश्चंद्र म्हणाला. "माझ्या कठीण वेळेक ज्येनी घर उघडा केला, तेंची नावा घेतंय. पयलो महादू."

महादू देवस्थान समितीचा अध्यक्ष होता. श्रावणात ज्याच्या घरी मासळी शिजेल त्याला देवळाच्या पायरीवर उभा करीन, असं तो दरवर्षी सांगायचा. नाव ऐकून त्याने हात जोडले.

"श्रावणातलो दुसरो सोमवार. माका कळ इली आणि मी ह्येच्या मागच्या दारान आत धावलंय. चुलीर बांगड्यांचा तिखला रटरटत होता. वाटेतच चूल. पण ह्या देवमाणसान हातातलो बांगडो टाकून आधी माका वाट करून दिल्यान!"

महादूचे जोडलेले हात तसेच राहिले. हळूहळू सगळा मंडप त्याच्याकडे वळला.

"श्रावणात?" कुणीतरी विचारलं.

"सोमवारी?" दुसऱ्याने विचारलं.

हरिश्चंद्राला वाटलं, लोकांचं मन भरून आलंय. त्याचा आवाज चढला. "दुसरो, आमचो गुरुप्रसाद!"

गुरुप्रसाद पाहुण्यांसाठी चार खोल्या चालवायचा. तो खुर्चीतून अर्धवट उठला. "हरी, माजा नाव ऱ्हवांदे. माजा कायएक नको."

"कसा ऱ्हवांदे? मे महिन्यात ह्येच्या दारात मी घामाघूम होवन उभो. ह्यो म्हणता, चारय खोले रिकामे आसत, तुका व्हयो तो वापर! स्वच्छ टावेल दिल्यान!"

दुसऱ्या रांगेत गुरुप्रसादची वैभववाडीला दिलेली बहीण किशोरी बसली होती. ती ताडकन उभी राहिली.

"गुरग्या! मे महिन्यात? सगळे खोले भरलेत म्हणान सांगलंस माका! माजी नणंद अजून टोमणे मारता!"

"गो किशोरी, तेव्हा..."

"टावेल पण दिलंस तेका!"

डॉक्टर भक्ती व्यासपीठाच्या कडेला येऊन खुणा करू लागल्या. "काका, वेळ संपला. फार छान झालं. बसा आता."

"नाय मॅडम, मुख्य माणूस ऱ्हवलो," हरिश्चंद्र म्हणाला. "आपलो सरपंच!"

परशुरामाने शाल सारखी केली आणि मॅडमकडे बघून नम्र हसला.

सरपंचाचं नाव आलं म्हणून हरिश्चंद्र शुद्ध बोलू लागला. "बंदरावर सार्वजनिक शौचालय बांधल्याबद्दल मी त्यांचे आभार मानतो. पाटी लांबून वाचता येते. कळ आलेल्या माणसाला ती पाटी बघून किती धीर येतो ते मलाच ठाऊक. मी तिथे पाच वेळा धावलो. आत भांडं नाही. सरपंचांची जाळी आहेत, होडीचं इंजिन आहे. पण पाचव्या वेळी सरपंच स्वतः आत होते. त्यांनी जाळी बाजूला करून मला मागच्या माडांत जायची वाट दाखवली. अडचणीत वाट दाखवणारा माणूस आजकाल कुठे मिळतो?"

टाळ्या वाजल्या नाहीत. आचाऱ्याने झारा कढईत तसाच धरून ठेवला.

"भांडं नाही म्हणजे?" अधिकारी मॅडमनी विचारलं.

"भांडा नाय म्हणजे..." हरिश्चंद्र गोंधळला, "भांडाच नाय, मॅडम."

मॅडम उठल्या. त्यांच्यामागून सरपंच, सरपंचामागून ग्रामसेवक आणि त्यांच्यामागून अख्खा मंडप बंदरावर गेला. दार उघडलं. वर्णनात काही चूक नव्हती. पुरस्काराची ढाल आली तशी जीपमध्ये बसून परत गेली. शाल तेवढी सरपंचाच्या अंगावर राहिली.

ओसाड मंडपात हरिश्चंद्र माईक धरून उभा होता. "मी काय वायट बोललंय?" त्याने सुशीलाला विचारलं.

"तुमच्या पोटाचा सांगूचा होता. तेंच्या घराचा कित्याक सांगलात?"

आपण कुणाचं काय उघडं केलं, ते त्याला एकेक करून आठवू लागलं आणि तो खुर्चीत बसला.

दुसऱ्या दिवशी तो रीडिंगला निघाला तो मार खायच्या तयारीने. पण पहिल्याच घरी त्याला धक्का बसला. संडास घासून लख्ख केला होता. नवा साबण, नवी बादली.

"रे हरी, कधीय ये," घरमालक म्हणाला. "घर तुजाच आसा. फक्त जाताना हयसर-थयसर बघू नको."

दुसऱ्या घरीही तेच. तिसऱ्या घरी तर कोपऱ्यात उदबत्ती लावलेली. एका बाईने त्याला बघताच फ्रिजवर चादर टाकली, मग पाणी विचारलं. ज्याला नऊ वर्षं तोंड चुकवत आत शिरावं लागत होतं, त्याला आता लोक हाताला धरून संडास दाखवत होते.

"लोकांक आजार समाजलो गो!" घरी येऊन तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"व्हय तर," सुशीला म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

सरपंच मात्र चार दिवस दिसला नाही. पाचव्या दिवशी दुपारी तो स्वतःच हरिश्चंद्राच्या घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहिला. शाळेपासूनचा सोबती, पण चेहरा असा की हरिश्चंद्राने आपला चष्मा काढून सुशीलाकडे दिला.

"वयनी, तुमी जरा आत जावा," परशुराम म्हणाला.

सुशीला दाराआड गेली आणि हातात झाडू घेऊन उभी राहिली.

परशुराम बाकड्यावर बसला. त्याने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. "पुरस्कार गेलो. गावात तोंड दाखवूक जागा नाय," तो म्हणाला.

"चुकला माझा, परशा. मी..."

"गप रव." त्याचा आवाज खाली आला. "तुका पयल्यांदा रगत दिसला... ता कसा होता? लाल, का काळा?"

हरिश्चंद्र त्याच्या शेजारी येऊन बसला.

"आठ महिने झाले," परशुराम म्हणाला. "मूळव्याध म्हणान पाला खातंय. बायलेक म्हायत नाय. तू बोलत होतंस तेव्हा माका वाटला, ह्यो माजाच सांगता. घाम फुटलो. आणि मगे तू जाळी काढलंस, मेल्या!"

हरिश्चंद्राला हसू आलं आणि रडूही. "उद्या सकाळी मालवणाक जावया. डॉक्टर भक्तीकडे. मी येतंय तुज्या वांगडा."

"तू वांगडा नको! तू सगळ्या गावाक सांगतलंस!"

"पाच महिने माजे फुकट गेले. तुजे आठ गेले. नववो जावक द्येवचो नाय," हरिश्चंद्र म्हणाला.

सकाळी दोघं रिक्षाची वाट बघत तिठ्यावर उभे राहिले. सरपंच टोपी डोळ्यांवर ओढून उभा होता. तेवढ्यात समोरून महादू आला. पुरस्कार घालवणारा आणि पुरस्कार गेलेला असे दोघे शेजारी शेजारी उभे बघून तो थबकलाच.

"खंय चललास दोघेजण?"

परशुरामाने डोळे मिटून घेतले.

"ह्येच्या काजूच्या बागेतलो मीटर जळलोहा," हरिश्चंद्र शांतपणे म्हणाला. "मालवणाच्या ऑफिसात अर्ज देवचो आसा. सही सरपंचाचीच व्हयी."

"असा काय," महादू म्हणाला आणि निघून गेला.

रिक्षा सुरू झाली. परशुराम तोंड उघडं टाकून हरिश्चंद्राकडे बघत होता. त्या दिवशी भर मंडपातही त्याला एवढा धक्का बसला नव्हता.

"रे, माज्या बागेत वीजच नाय!"

"म्हायत आसा."

"म्हणजे तुका खोटा बोलूक येता?"

"माज्या दुखण्यात नाय येणा," हरिश्चंद्र म्हणाला. "दुसऱ्याच्या दुखण्यात आता शिकतंय." मग त्याने पुढे वाकून रिक्षावाल्याला बजावलं, "जरा दमान घे रे. हादरे दोघांकय नको."