बाळ येशूचा तटस्थ पाळणा

नाताळच्या सकाळी गोठ्यात बाळ येशूची मूर्ती ठेवताना एक गाणं म्हणायचं असतं. ते कोणत्या भाषेत म्हणावं, एवढाच प्रश्न होता.

मद्रासच्या पेरांबूर भागातल्या सेंट युस्टेस चर्चपुढे हा प्रश्न शहाऐंशी सालापर्यंत कधी आला नव्हता. तिथे नाताळला तीन मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, होत. पहाटे तमिळ, मग इंग्रजी, आणि उन्हं वर आल्यावर मल्याळम. तिन्ही मंडळी एकाच देवाची प्रार्थना करीत आणि फाटकात एकमेकांना वाट देताना हसून मान लववीत. त्यामुळे सलोखा होता. पण त्या वर्षी वरून परिपत्रक आलं. चर्चच्या हद्दीतली सर्व कुटुंबं मिळून एक मोठं कुटुंब होतं, असं त्यात म्हटलं होतं, आणि म्हणून यापुढे नाताळला एकच संयुक्त मिस्सा व्हावी असा आदेश होता. कुटुंब म्हटल्यावर भांडण सुरू झालं.

चर्चचे प्रमुख फादर आरोक्यसामी सौम्य गृहस्थ होते. त्यांनी बायबलची वाचनं तीन भाषांत वाटून दिली, प्रार्थना वाटून दिल्या. प्रवचन तिन्ही भाषांत थोडं थोडं करायचं ठरलं. म्हणजे कुणालाच ते पूर्ण ऐकावं लागणार नव्हतं, आणि हे सर्वांना मनापासून आवडलं. राहता राहिलं गोठ्यातलं गाणं. गाणं एकच आणि छोटं, त्यामुळे त्याचे तुकडे पाडता येईनात.

"लोक आमचे जास्त आहेत," सवरीमुत्तू म्हणाले. ते शाळेत भूगोल शिकवत आणि तमिळ मंडळींचे पुढारी होते. दरवर्षी गोठ्यातल्या कुरणासाठी ताटांत नाचणी पेरून हिरवं गवत उगवण्याचं काम त्यांच्याकडे असे. "गाणं तमिळच होणार. नाहीतर या वर्षी गवत उगवणार नाही."

"ऑर्गन मी वाजवते," मिसेस डॉरीन हॅरिसन म्हणाल्या. त्या अँग्लो-इंडियन. इंग्रजी गायनवृंद त्यांचा, आणि अख्ख्या पेठेतला उत्तम प्लम केकही त्यांचाच. "आणि माझा ऑर्गन इंग्रजीच जाणतो."

मल्याळी मंडळींनी, ख्रिस्ती धर्म या देशात सर्वांत आधी आपल्याकडे आला, एवढंच नम्रपणे नमूद केलं.

आठवडाभरात प्रत्येक गटाने आपापली बाळ येशूची मूर्ती रंगवायला टाकली. गोठ्यात तिन्ही बाळं शेजारी शेजारी ठेवावीत, असा तडजोडीचा प्रस्ताव पुढे आला. फादरनी तो धर्मश्रद्धेच्या कारणास्तव फेटाळला.

चर्चच्या कुंपणाला लागूनच राघोत्तम रावांचं घर होतं. तंजावरच्या मराठी कुटुंबातले राव रेल्वेतून निवृत्त झाले होते. हरवलेल्या सामानाबद्दलच्या तक्रारी तपासून, त्यात कुणाचीही चूक नाही असा निष्कर्ष काढण्यात त्यांची हयात गेली होती. असा अनुभवी आणि शिवाय हिंदू माणूस शेजारी असल्यावर फादर सल्ल्याला दुसरीकडे कशाला जातील? कुंपणाशी उभं राहून ते म्हणाले, "पूर्वी सगळं लॅटिनमध्ये होतं, मिस्टर राव. कुणालाच काही कळायचं नाही. केवढी शांतता होती!"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून विशालाक्षीबाईंचा आवाज आला, "ऐकलांत कीं? कॉफी निवून चालली. कुंपणाकडे उभें राहून काय करतां?"

"आलों, आलों," राव म्हणाले.

फादर दचकले. "ही कोणती भाषा?"

"मराठी. आमची घरातली."

"इथे आणखी कुणाला येते?"

"कुणालाच नाही. आमच्या मुलालाही नाही. तो दिल्लीला असतो, आम्हाला इंग्रजीत पत्रं लिहितो."

फादरच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो पाहून रावांना त्यांच्या प्रकृतीची काळजी वाटली.

दुसऱ्याच दिवशी राघोत्तम रावांच्या अध्यक्षतेखाली 'ख्रिस्तजन्मोत्सव संयुक्त भाषा समन्वय समिती' स्थापन झाली, आणि तिने पहिल्याच बैठकीत गाणं मराठीत व्हावं असं एकमताने ठरवलं. सवरीमुत्तूंना ते पटलं, कारण डॉरीनबाईंना मराठी येत नव्हती. डॉरीनबाईंना पटलं, कारण सवरीमुत्तूंना येत नव्हती. गीताचा अर्थ कुणालाही सांगू नये, कारण अर्थ कळल्यास मतभेद होण्याचा संभव आहे, असंही एक कलम रावांनी दूरदृष्टीने घातलं.

गाणं द्यायचं काम विशालाक्षीबाईंकडे आलं. त्या आधी नाही म्हणाल्या. "मला येशूचें गाणें कुठून येणार हो? मला पाळणा येतो, तेवढाच."

"बाळच आहे तें," राव म्हणाले. "पाळणाच गा."

मग त्यांनी आजीकडून शिकलेला, आपल्या मुलाला म्हटलेला आणि नंतर कित्येक वर्षं कुणालाच न म्हटलेला पाळणा चर्चच्या व्हरांड्यात उभं राहून म्हटला:

अस्की निजलीं, तूं कां जागा?
नीज गा बाळा, नीज गा राजा.

चाल सोपी होती, हेलकावे घेणारी. डॉरीनबाईंनी ती दोनदा ऐकून ऑर्गनवर उतरवली. सवरीमुत्तूंनी शब्द तमिळ लिपीत लिहून घेतले. तालमी सुरू झाल्या. तमिळ मंडळी 'नीस का पाळा, नीस का रासा' म्हणत, इंग्रजी मंडळी 'नीज गा बाला' म्हणत, आणि अर्थ कुणालाच ठाऊक नसल्याने कुणाचंच चुकत नसे. नाचणी उगवली. दारोदार कागदी तारे लागले, पहाटे मार्गळी महिन्याच्या रांगोळ्या काढणाऱ्या बायकाही तीच चाल गुणगुणू लागल्या. विशालाक्षीबाईंना रस्त्यात लोक थांबवत आणि 'अस्की निजलीं' म्हणून अभिवादन करीत. त्या घरी येऊन हसत हसत नवऱ्याला सांगत, "आज केळेंवालासुद्धां म्हणटला!" इतकी मराठी त्या घरात बऱ्याच वर्षांत बोलली गेली नव्हती.

नाताळ चार दिवसांवर आला असताना विमलाताई साठ्ये प्लम केक सांगायला डॉरीनबाईंकडे आल्या. विमलाताईंचे यजमान बँकेत अधिकारी, पुण्याहून बदली होऊन आलेले. मद्रासमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांचं 'मायबोली संरक्षक मंडळ' होतं, त्याच्या त्या चिटणीस. आतल्या खोलीत मुली पाळणा घोकत होत्या.

"हे कुठल्या भाषेत चाललंय?" विमलाताईंनी इंग्रजीत विचारलं.

"मराठीत," डॉरीनबाई अभिमानाने म्हणाल्या.

"शक्य नाही. मी मराठी आहे."

त्याच पावली त्या विशालाक्षीबाईंच्या दारात हजर झाल्या. दारात मराठी ऐकून विशालाक्षीबाईंना काय करू आणि काय नको असं झालं. "या, या! बसा कीं. कॉफी घेणार न्हवें?"

"तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"तंजावरच्या."

"नाही, पण मूळच्या?"

"तंजावरच्याच हो. आजीही, तिची आजीही."

विमलाताईंनी कॉफी घेतली. मग अत्यंत मायेने सांगितलं, "असं आहे, 'अस्की' असा शब्द मराठीत नाही. 'सगळी' म्हणतात. आणि 'गा' नाही, 'रे'. एवढ्या लोकांपुढे जायचं, तर भाषा शुद्ध हवी ना?"

"मग आम्ही बोलतों तें काय?"

"ते... तुम्ही फार गोड बोलता."

त्या गेल्यावर विशालाक्षीबाईंनी पेला विसळून पालथा घातला. रात्री जेवताना रावांनी विचारलं, "रसम आणखी आहे कीं?" त्यांनी तमिळमध्ये उत्तर दिलं, आहे. दुसऱ्या दिवशीही त्या तमिळच बोलल्या. राव मराठीत विचारत, त्या तमिळमध्ये उत्तर देत. तिसऱ्या दिवशी राव म्हणाले, "काय झालें सांग तरी." त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "काही नाही. ही भाषा मला नीट येते."

तिकडे मंडळाची तातडीची सभा झाली. मराठीची विटंबना थांबवावी आणि सोबत जोडलेला शुद्ध पाळणा गावा, असा ठराव फादरना पोचला. पाळण्यात आता 'सगळी निजली, तूच का जागा, नीज रे बाळा, नीज रे राजा' असं होतं.

समितीची बैठक बोलावण्यात आली. राव अध्यक्ष होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची तरी चूक आहे असं त्यांना वाटत होतं. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच सवरीमुत्तू उठले.

"अस्की!" ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले. "हा आमच्या मातीतला शब्द आहे. बाहेरची मराठी आमच्यावर लादलेली चालणार नाही!"

"जिथली भाषा, तिथले लोक सांगतील ते प्रमाण," डॉरीनबाई म्हणाल्या. "गाणं प्रमाण भाषेतच हवं. सगली!"

"सगळी," विमलाताईंनी सुधारलं. त्यांना खास निमंत्रण होतं.

मल्याळी मंडळींनी, 'सगळी'तला 'ळ' मद्रासमध्ये सर्वांत शुद्ध आपणच उच्चारतो, एवढंच नम्रपणे नमूद केलं.

दोन दिवसांत पेठेची उभी फाळणी झाली. चर्चच्या भिंतीवर कुणीतरी तमिळ लिपीत 'अस्की वाळ्ग' असं रंगवलं. वाळ्ग म्हणजे चिरायू होवो. डॉरीनबाईंच्या दिवाणखान्यात 'ळ'चे वर्ग सुरू झाले. तिथे पोक्त बायका जीभ टाळ्याला लावून बसत, आणि त्या सुटून कधी येतील याची घरचे वाट पाहत. विमलाताई सोडल्या तर शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंपैकी कुणालाही ठाऊक नव्हता. तो सांगायला समितीच्या कलमान्वये बंदी होती. त्यामुळे 'अस्की' आणि 'सगळी' यांचा अर्थ एकच आहे, ही गोष्ट रावांना अधिकृतपणे उघड करता आली नाही.

शेवटी फादरनी निर्णय दिला. शब्द कुणाचेच नकोत. बाळ ठेवताना सर्वांनी तोंड मिटून नुसती चाल गुणगुणावी.

नाताळच्या सकाळी चर्च तुडुंब भरलं होतं. नव्या साड्या, ताठ कॉलर, खिशात कुरकुरणाऱ्या रोझ कुकी. राव आणि विशालाक्षीबाई शेवटच्या बाकावर बसले होते. विमलाताई पुढे, पाहुण्यांत. ऑर्गन सुरू झाला. फादर पांढऱ्या वस्त्रात बाळाची मूर्ती दोन्ही हातांत घेऊन गोठ्याकडे निघाले, आणि भरल्या चर्चमधून मिटलेल्या ओठांचा आवाज उठला. 'हूंऽऽ हूंऽऽ.' सवरीमुत्तू 'हूं' असा करीत की त्यात 'अस्की' ऐकू यावं. डॉरीनबाईंचा 'हूं' स्पष्टपणे प्रमाण होता. दोन्ही बाजू चढत गेल्या. छताखाली गांधीलमाश्यांचं पोळं फुटावं तसा तो घोंगाट झाला.

मधल्या बाकावरचं एक तान्हं मूल घाबरून किंचाळलं. आईने थोपटलं, बापाने खुळखुळा वाजवला. त्याच्या रडण्याने दुसरं उठलं, दुसऱ्याने तिसरं. हूंकार त्यांच्यावर आवाज चढवू लागला. फादर मूर्ती घेऊन अर्ध्या वाटेत थांबले.

विशालाक्षीबाई चुळबुळल्या. पदर सावरला. पुन्हा बसल्या. मग त्या पहिल्या मुलाचा श्वास रडून रडून अडकला, आणि त्यांना राहवलं नाही. त्या उठून मधल्या बाकापर्यंत गेल्या, मूल आईच्या कडेवरून घेऊन खांद्यावर टाकलं, आणि त्याच्या कानाशी, हळू, म्हटलं:

अस्की निजलीं, तूं कां जागा?

मूल हुंदके देत गप्प झालं. शेजारच्या बाकाने ओळ उचलली, मग त्यामागच्या बाकाने. तोंडं उघडली. कुणी अस्की म्हणालं, कुणी सगळी, आणि गडबडीत बऱ्याच जणांनी 'असगळी निजली' असं म्हटलं. डॉरीनबाई वाजवायचं विसरून ऐकत राहिल्या. फादरनी बाळाला नाचणीच्या हिरव्या गवतात ठेवलं. विशालाक्षीबाईंच्या खांद्यावरचं मूल लाळ गाळत झोपून गेलं होतं.

बाहेर केक वाटताना विमलाताई जवळ आल्या. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "सूर किती छान लागला तुमचा!" त्या म्हणाल्या. "उच्चारांचं आपण पुढच्या वर्षी बघू."

"बघूं कीं," विशालाक्षीबाई म्हणाल्या. मराठीत. रावांच्या हातातला केक तसाच राहिला.

अध्यक्ष या नात्याने राघोत्तम रावांनी या साऱ्या प्रकाराचा वृत्तांत आपल्या भाषेत लिहून काढला आणि मंडळाच्या वार्षिक अंकाला पाठवला. मंडळाने तो आपुलकीने स्वीकारला. विमलाताईंविषयीचा मजकूर तसाच राहू दिला, कारण त्यात व्याकरणाची चूक सापडली नाही. पण भाषा पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शुद्ध करून घेतली. राव-पतिपत्नींचे संवाद तेवढे, वाचकांना गंमत वाटावी म्हणून, मूळचे ठेवले. आपल्याला ते गोड वाटलेच असतील. बाकी काही अडलं नसेल.

अंक घरी आला, तेव्हा रावांनी तो पत्नीला मोठ्याने वाचून दाखवला. विशालाक्षीबाईंनी हातातली भाजी चिरायची थांबवून सगळा ऐकला.

"बरें लिव्हलें आहे," त्या म्हणाल्या. "कोण्हीं लिव्हलें? आणि ही भाषा कोणची?"